सारखं आणि बरोबर : काडतुसाची पुंगळी कापणारं यंत्र



माप या विषयावर आपलं बोलणं चाललं आहे. तराजू झाला, घड्याळ झालं. आज जे यंत्र घेतो आहे ते आपल्या संग्रामपूर तालुक्यात कुणाच्या घरी नाही, आणि नसावंही. त्याचं कारण थोड्या वेळात येईल. एका तरुण श्रोत्याने मला मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दाखवला. टेबलावर मिक्सरएवढं विजेचं यंत्र. समोरचा माणूस बंदुकीची रिकामी पुंगळी उचलतो, यंत्राच्या तोंडात खुपसतो, खर्र असा आवाज होतो, दोन सेकंदांत पुंगळी बाहेर, लगेच पुढची. तरुणाने विचारलं, "सर, हा नेमकं काय कापतोय? आणि एवढंसं कापून काय फरक पडतो?"

प्रश्न वर्कशॉपचा वाटतो, पण त्याच्या पोटात आमच्या विषयातला एक जुना प्रश्न दडलेला आहे. शंभर वस्तू एकसारख्या झाल्या म्हणजे त्या बरोबर झाल्या का? तेव्हा आज यंत्र समजून घेऊ. अगदी कसं बसवतात, कसं चालवतात, इथपर्यंत. तत्त्वज्ञान वाटेत भेटलं तर भेटू द्या. (हशा)

आधी शब्द. 'काडतूस' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज 'कार्तूशु'वरून आला. काडतुसाचे भाग चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला बसवलेली टोपी म्हणजे प्राइमर, आत दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. पेपरात आपण वाचतो, 'एक गावठी कट्टा, दोन जिवंत काडतुसं आणि एक रिकामी पुंगळी जप्त.' बार झाल्यावर गोळी निघून जाते, दारू जळून जाते, टोपी मरते. पुंगळी तेवढी शिल्लक राहते. आणि गंमत अशी की चारांमधला सहसा सगळ्यांत महाग भाग तोच. म्हणून अमेरिकेत आणि इतर काही देशांत नेमबाज आणि शिकारी रिकाम्या पुंगळ्या गोळा करतात आणि घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा वापरायला तयार करतात. तिकडे तो कायदेशीर छंद आहे. आपल्या भागातली मुलं नोकरीसाठी तिकडे आहेत, शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये त्यांनी हे पाहिलंही असेल. दारू किती, कोणती, ते मी बोलणार नाही. तो आजचा विषय नाही. आजचा विषय फक्त पितळ.

आता ते कारण. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र किंवा काडतूस बनवता येत नाही. शेतीच्या राखणीसाठी किंवा संरक्षणासाठी घरात परवान्याची बंदूक असेल, तरी तो बंदूक बाळगायचा परवाना झाला. काडतूस बनवायचा नव्हे. दोन परवाने वेगळे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. पण मला त्या कायद्यातली व्याख्या फार विचार करायला लावते. कलम २ मध्ये 'काडतूस-दारूगोळा' कशाला म्हणायचं ते सांगताना त्याचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्री हीसुद्धा त्यात धरली आहे. म्हणजे कायद्याच्या डोळ्याला यंत्र हेच दारूगोळा! तर्कशास्त्राच्या वर्गात कुणी साधन आणि साध्य असं एका पेटीत घातलं असतं तर मी त्याचे मार्क कापले असते. कायद्याला मात्र तसं करावं लागतं, कारण यंत्र हाती असलं की पुढचं पाऊल जवळ येतं. त्याच कायद्यात कलम ४५ मध्ये उलट बाजूचीही सोय आहे : किरकोळ सुटा भाग जवळ असेल आणि तो बाकीच्या भागांना जोडून वापरायचा हेतू नसेल तर सूट. तिथे वस्तूपेक्षा हेतू पाहिला जातो. पण हेतू सिद्ध करत कोर्टाच्या पायऱ्या झिजवायची हौस कुणाला असेल असं वाटत नाही. सातपुड्याच्या पलीकडून येणाऱ्या कट्ट्यांच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. अशा टापूत राहणाऱ्या तरुणाने ऑनलाइन काय मागवायचं आणि काय नाही, हे आधी समजून घेतलेलं बरं.

मग आपल्या जवळ हे काम कुठे चालतं? मलकापूर ओलांडून भुसावळच्या रस्त्याला लागलं की वाटेत वरणगाव लागतं. तिथला आयुध कारखाना १९६४ चा. ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरची काडतुसं तिथे बनतात. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना त्याहून जुना, १८६९ चा. १ ऑक्टोबर २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहेत. कारखान्यात पुंगळी कशी होते? पितळेच्या जाड पत्र्याची वाटी करायची. ती साच्यातून दाबत दाबत लांबवायची. लांबवताना काठ वेडावाकडा होतो, तो कापायचा. बूड ठोकून घडवायचं, मान आवळायची, आणि शेवटी परत एकदा नेमक्या लांबीला कापायचं. म्हणजे आपल्या व्हिडिओतला माणूस जे करतो आहे, ते कारखान्यातलं शेवटचं काम आहे. फक्त कारखान्यात पुंगळी नवी असते आणि याच्या हातातली वापरलेली.

वापरलेली पुंगळी लांब का होते, हे कळलं की पुढचं सगळं सोपं. पुंगळीचं पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. हे पितळ फार समजूतदार. बार होतो तेव्हा ते फुगून नळीच्या कोठीला चिकटतं, गॅस मागे येऊ देत नाही, आणि दाब ओसरला की थोडं आक्रसतं म्हणून पुंगळी बाहेर ओढता येते. पण पूर्वीइतकी बारीक ती राहत नाही. म्हणून पुन्हा वापरण्याआधी तिला पोलादी डायमध्ये दाबून मूळ आकारात आणतात. आता कणकेचा गोळा मुठीत आवळून पाहा. कणीक बोटांच्या फटीतून वर येते. पितळाचंही तेच. चहूबाजूंनी आवळलं की ते मोकळ्या बाजूला सरकतं, आणि मोकळी बाजू एकच, तोंडाची. मान लांब होते. एका वेळी केसभर. पण दोन-तीन खेपांत मर्यादा ओलांडण्याइतकी.

मर्यादा किती? .३०८ विंचेस्टर नावाचं काडतूस घ्या, आपल्या ७.६२ चं नागरी भावंड. पुंगळीची जास्तीत जास्त लांबी ५१.१८ मिलिमीटर. कापून आणायची ५०.९३ ला. फरक पाव मिलिमीटर. सुताराच्या भाषेत सांगायचं तर एका सुताचे बारा भाग करा, त्यातला एक. .२२३ या लहान काडतुसात कमाल ४४.७० आणि कापायची ४४.४५, तिथेही फरक पावच मिलिमीटर.

एवढ्याशा पाव मिलिमीटरला का घाबरायचं? बंदुकीच्या कोठीत पुंगळीच्या मानेसाठी ठरावीक जागा असते आणि तिच्या पुढे नळी अरुंद होते. पुंगळी जास्त लांब झाली की खटका बंद करताना तिचं तोंड त्या अरुंद जागेत शिरतं आणि गोळीला चिमटा बसतो. एरवी बार होताच मान फुगते आणि गोळी सुटते. इथे मान फुगायला जागाच नाही. गोळी अडकते, दाब चढतो. आपल्या गाडीच्या टायरमध्ये हवा ३०-३५ पौंड भरतात. त्याच मापाने .३०८ च्या काडतुसात दाबाची कमाल मर्यादा ६२,००० आहे. आणि हे सगळं गालापासून वीतभर अंतरावर घडतं! त्या मर्यादेपलीकडे गेलेली बंदूक चालवणाऱ्याचा डोळा, बोटं, कधी जीव घेऊ शकते.

उलट पुंगळी थोडी आखूड राहिली तर? फारसं काही होत नाही. गोळीवरची पकड किंचित कमी होते, नेम थोडा विस्कटतो. म्हणजे चुका दोन, पण त्यांचं वजन सारखं नाही. एका बाजूला नेम, दुसऱ्या बाजूला डोळा. मापात दोन्हीकडे सारखीच सूट ठेवण्याची आपल्याला सवय असते, 'थोडं इकडे-तिकडे चालतं' म्हणून. इथे 'तिकडे' चालत नाही. म्हणूनच कमाल लांबीला न कापता तिच्याही आत कापतात. आपल्याकडे पूर्वी पायलीने धान्य मोजत, तेव्हा वर शीग ठेवायची की हाताने सपाट करायची यावरून भांडणं होत. शीग लावून देणारा उदार मानला जाई. इथे शीग म्हणजे धोका. काठावरून खाली हात फिरवायचा.

आता यंत्राकडे येतो. लांबी मोजायची म्हटलं की पहिला प्रश्न, कुठून? शिंपी बाहीचं माप खांद्यापासून घेतो. समजा एखाद्याने ते कमरेपासून बगलेपर्यंत आणि तिथून मनगटापर्यंत असं घेतलं, तर आकडा येईल, पण शर्ट भलताच होईल. पुंगळीला बूड आहे, अंग आहे, मग उतरता खांदा, मग मान आणि तोंड. कापणारी यंत्रं दोन घराण्यांची आहेत. एक बुडापासून माप घेणारं : छोट्या लेथसारखं. बूड पकडीत धरायचं, तोंडात एक बारीक खुंटी घालून मान मधोमध ठेवायची, आणि कटर फिरवून ठरलेल्या जागेवर थांबवायचं. हाताने फिरवा नाहीतर मोटर लावा. हे संथ आहे, पण कुठल्याही आकाराच्या पुंगळीला चालतं, आणि पिस्तुलाच्या सरळ पुंगळीला खांदाच नसल्यामुळे तिला हेच लागतं. दुसरं घराणं खांद्यापासून माप घेणारं. व्हिडिओतलं यंत्र ते. पुंगळी तोंडाकडून एका होल्डरमध्ये जाते, खांदा आतल्या उतारावर टेकतो, तिथेच ती थांबते, आणि पुढे फिरणारं कटर जेवढं बाहेर येईल तेवढं उडवतं. पकडायचं, सोडायचं काही नाही. म्हणून दोन सेकंद.

मला दुसरी पद्धत जास्त पटते, आणि वेगामुळे नव्हे. खांद्याची पुंगळी बंदुकीच्या कोठीत जाऊन टेकते तीसुद्धा खांद्यावर. म्हणजे बंदूक जिथून मोजते तिथूनच यंत्र मोजतं. पण पुस्तकात छापलेली कमाल लांबी आहे बुडापासूनची, आणि तपासायला आपण व्हर्नियर लावतो तोही बूड ते तोंड. यंत्र एकीकडून पाहतं, व्हर्नियर दुसरीकडून. दोन साक्षीदार वेगळ्या जागी उभे आहेत, ते एकमेकांकडून ऐकून सांगत नाहीत. साक्षीची किंमत तिथेच असते. आपल्या परंपरेत ज्ञानाच्या साधनाला 'प्रमाण' म्हणतात; त्या शब्दात 'मा' हा मोजण्याचा धातू आहे. न्यायशास्त्राची सगळी उठाठेव एवढ्याचसाठी, की ज्याने मोजतो ते साधन आपण कशावरून मानायचं.

बसवायचं कसं? यंत्र भक्कम टेबलाला बोल्टने आवळायचं. हललं तर माप हललं. अर्थिंगची पिन असलेला प्लग हवा. मग त्या काडतुसाचा होल्डर चढवायचा. प्रत्येक जातीचा होल्डर वेगळा. होल्डर आट्यांवर पुढे-मागे होतो आणि चेकनटने जागेवर आवळला जातो. सुरुवातीला तो इतका बाहेर ठेवायचा की कटर पुंगळीला स्पर्शच करणार नाही. एक पुंगळी घालून पाहायची, आवाज नाही. होल्डर थोडा आत. पुन्हा. पहिला खर्र आवाज आला की थांबायचं, मोटर बंद, पुंगळी पुसून व्हर्नियर लावायचा. अजून लांब आहे ना? होल्डर अगदी किंचित आत. असं करत ठरलेल्या मापाला पोचायचं. बाहेरून आत यायचं, कधीही उलटं नाही, कारण कापलेलं पितळ परत चिकटवता येत नाही. आणि चेकनट आवळला की माप पुन्हा तपासायचं. आवळताना होल्डर जरासा फिरतो. घाईत सुटते ती नेमकी हीच गोष्ट. पाण्याच्या मोटारीचा नट आवळताना पाइप फिरलेला तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे.

अशी एक बरोबर कापलेली पुंगळी जपून ठेवतात, पुढच्या वेळी त्याच होल्डरवर यंत्र लवकर लावता यावं म्हणून. इथे मला विट्गेन्श्टाइन आठवतो. त्याने पॅरिसमध्ये ठेवलेल्या मीटरच्या पट्टीबद्दल एक विचित्र वाटणारं विधान केलं : त्या एकाच पट्टीबद्दल ती एक मीटर लांब आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. कारण बाकी सगळं तिच्यावरून मोजायचं. जपून ठेवलेल्या पुंगळीचा मान असाच. पण बिचारी पॅरिसची पट्टी नव्हे, पितळेची आहे, पडते, चेपते. तिलाही दरवेळी व्हर्नियरखाली आणायचं, आणि व्हर्नियरचे जबडे मिटवून शून्य दिसतंय का तेही पाहायचं.

कटरबद्दल थोडं. नुसतं आडवं कापलं तर तोंडाच्या आतल्या-बाहेरच्या कडेला धारदार बर राहते. ती गोळीचा अंगरखा खरवडते. जुन्या पद्धतीत आतून आणि बाहेरून बर काढणं ही दोन वेगळी कामं होती. नव्या यंत्रातलं कार्बाइडचं पातं अशा घडीचं असतं की लांबी, आतली कड आणि बाहेरची कड तिन्ही एकदम होतात. पातं आडवं सरकवून बसवायचं, म्हणजे आत आणि बाहेर सारखी कड पडेल. कडेची हौस जास्त झाली तर तोंड सुरीसारखं पातळ होतं; मधे सपाट भाग थोडा राहिलाच पाहिजे. भिंग लावून पाहावं लागतं, माझ्या वयात तर नक्कीच.

वापरताना क्रम महत्त्वाचा : आधी साफ करणं, मग डायमध्ये दाबणं, मग कापणं. दाबण्याआधी कापलं तर सगळं फुकट, कारण दाबताना ती परत लांबते. शिवाय फुगलेली पुंगळी होल्डरमध्ये नीट बसतही नाही. दाबताना तेल लावतात, ते पुसून टाकायचं. तेलकट पुंगळीला बुरा चिकटतो आणि होल्डरच्या उतारावर जाऊन बसतो. आता इथे दोन घराण्यांचा फरक पाहा. खांद्यावरून मोजणाऱ्या यंत्रात खांद्याखाली बुऱ्याचा कण आला तर पुंगळी मागे राहते, कमी कापली जाते, म्हणजे लांब राहते, धोक्याच्या बाजूला. बुडावरून मोजणाऱ्या यंत्रात बुडाखाली कण आला तर पुंगळी पुढे ढकलली जाते आणि आखूड होते. तोच कण, तीच निष्काळजी. एकात नेम गेला, दुसऱ्यात डोळा. म्हणून जे यंत्र मला जास्त पटतं त्याचाच होल्डर जास्त वेळा ब्रशने झाडावा लागतो. दर दहा-वीस पुंगळ्यांमागे एक मोजायची, आणि ती चुकली तर मागच्या दहा-वीस सगळ्या.

हात. फिरत्या यंत्रापाशी हातमोजे घालायचे नाहीत. मोजा अडकला की बोटंही ओढली जातात. चष्मा हवा, पितळेचा कीस टोकदार असतो. पुंगळी सरळ ढकलायची, आवाज बदलला, मोकळा झाला, की जराशी फिरवून बाहेर. आणि जिवंत काडतूस त्या टेबलावर असताच कामा नये, फक्त रिकाम्या पुंगळ्या. आणखी एक गोष्ट दिसत नाही म्हणून कुणी मनावर घेत नाही : टोपीच्या राखेत शिसं असतं. ते धुळीतून नाकात आणि हातावरून तोंडात जातं. काम झालं की साबणाने हात, मग चहा. लहान मुलांना त्या खोलीत येऊ द्यायचं नाही.

साफ करण्यावरून एक आपल्याच देशातली गोष्ट. इंग्रजांच्या सैन्याला हिंदुस्थानात एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात मोहिमा थंडावत, काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवली जात. पावसाळा संपून पेट्या उघडल्या की पितळी पुंगळ्यांना मानेशी तडे गेलेले. कुणी हात लावलेला नाही, बार झालेला नाही, तरी तडे. ऋतूत तडकतं म्हणून त्याला ऋतूचंच नाव पडलं. उत्तर १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दिलं : घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ओढून-दाबून घडवलेल्या पितळात साठून राहिलेला ताण, दोन्ही एकत्र आले की तडा. नुसता ताण असता तर तडा नाही, नुसता अमोनिया असता तरी नाही. उपाय काय, तर मंद आचेवर तापवून ताण काढून टाकायचा. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचे कारागीर, पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. ठोकून धातू कडक झाला की तापवून मऊ करायचा, पुन्हा ठोकायचा. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते, ती त्या तापवण्याचीच. म्हणून पुंगळ्या अमोनिया असलेल्या पॉलिशने चमकवायच्या नाहीत. चमक येईल, तडाही येईल.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला तिथे येतो.

यंत्राने शंभर पुंगळ्या कापल्या. शंभरही ५०.९३. पाहणाऱ्याला वाटतं, झाल्या नव्यासारख्या. पण जे पितळ कापून टेबलावर पडलं ते आलं कुठून? पितळ काही आपोआप वाढत नाही. ते खालून आलं. बुडाच्या थोडं वर, जिथे जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते, तिथली भिंत प्रत्येक बारात ताणली जाते आणि पातळ होते. डाय चुकीची लावून खांदा गरजेपेक्षा जास्त मागे दाबला असेल तर हे फार झपाट्याने होतं. पुंगळी प्रत्येक वेळी कोठीत पुढे ताणली जाते आणि मग परत मागे दाबली जाते. वर लांबी वाढते, कापणारा कापतो, माप परत बरोबर. पुन्हा बार, पुन्हा वाढ, पुन्हा काप. व्हर्नियर दरवेळी म्हणतो, ठीक आहे. आणि एक दिवस बूड अंगापासून सुटतं.

म्हणजे लांबी नीट ठेवणारं यंत्र भिंतीचा क्षय झाकतं. खोटं काही बोलत नाही. त्याला विचारलेला एकच प्रश्न आहे, त्याचं उत्तर ते खरं देतं. म्हणून जाणकार माणूस उरलेल्या लांबीइतकंच कापलेल्याकडे लक्ष देतो. बुरा फार पडतोय का? मग दोष कापणीत नाही, आधीच्या डायमध्ये आहे; तिकडे जा. कोणती पुंगळी किती वेळा कापली याची वहीत नोंद हवी, गठ्ठे वेगळे हवेत. बुडाजवळ बाहेरून चकचकीत कडं दिसलं की पुंगळी भंगारात. आतून पाहायचं तर एका तारेचं टोक वाकवून आतल्या भिंतीवरून खालून वर ओढायचं. खाच लागली की हाताला कळतं. शंभर रुपयांचं यंत्र जे सांगत नाही ते पाच पैशांची तार सांगते. (हशा) बरं, यंत्र शंभर रुपयांत येत नाही, दिवाळीच्या खरेदीसारखं समजू नका.

कारखान्यात हा प्रश्न कमी येतो, कारण पुंगळी तिथून एकदाच जाते. आपल्याकडे पोलिसांच्या किंवा जवानांच्या गोळीबार सरावानंतर रिकाम्या पुंगळ्या वेचून, मोजून परत जमा कराव्या लागतात. तिथे हिशोब नगांचा असतो. घरी पुन्हा भरणाऱ्याला मात्र प्रत्येक नगाचं वय ठेवावं लागतं. हे काम मोटर करत नाही.

वेळ झाली. दोन प्रश्न घेतो.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, एक पुंगळी किती वेळा वापरता येते?)

आकडा विचारू नका, कारण एक आकडा नाही. पितळ कसं, दाब किती, डाय कशी लावली, मान मधूनमधून तापवून मऊ केली की नाही, या सगळ्यावर आहे. मानेला तडा गेला, बुडाशी कडं दिसलं, टोपी सैल बसू लागली, यातलं काहीही एक झालं की संपलं. आणि त्या गठ्ठ्यातल्या एकीला झालं तर बाकीच्यांकडे संशयाने पाहायचं. त्या एकाच घरच्या आहेत.

(प्रश्न : कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला पदक मिळालं, तोही अशाच पुंगळ्या कापून वापरतो का?)

नाही, आणि प्रश्न चांगला आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नीलने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते ५० मीटर रायफल, तीन स्थिती या प्रकारात. त्यात .२२ चं छोटं काडतूस असतं. त्याला वेगळी टोपी नसते. स्फोटक मिश्रण बुडाच्या पोकळ काठात भरलेलं असतं, आणि घोडा त्या काठावर आदळून काठ चेपतो. चेपलेला काठ पुन्हा भरता येत नाही. पुंगळी एकदा वापरली की भंगार. मग हे नेमबाज सारखेपणा कुठून आणतात? निवडून. कारखान्यात एका वेळी बनलेल्या काडतुसांचा एक लॉट असतो. वेगवेगळ्या लॉटची थोडी थोडी काडतुसं ते आपल्याच रायफलीतून झाडून पाहतात. ज्या लॉटच्या गोळ्या कागदावर सगळ्यांत जवळ जवळ पडतात, तो लॉट विकत घेतात आणि स्पर्धेसाठी राखून ठेवतात. दुसऱ्याच्या रायफलीला चांगला ठरलेला लॉट आपल्या रायफलीला चालेलच असं नाही, म्हणून चाचणी ज्याची त्याने आपल्या नळीवर करायची असते.